मांडवाच्या पाण्याची ओळ

मुलांनो,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात की पंपघरातल्या डबीचं सॉफ्टवेअर या वेळी तुम्हीच तिकडून नवं करणार, मला त्रास नको. मी "बरं" म्हटलं आणि विषय बदलला. थोरल्याला ते जाणवलं असावं. त्याने विचारलं, "आजी, सगळं नीट चाललंय ना?" मी म्हणाले, "उत्तम." ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. तुम्ही त्या कामाला हात लावण्याआधी गेल्या वैशाखात मी काय केलं ते तुम्हाला माहीत असायला हवं. फोनवर मला ते सांगता येणार नाही. मधेच तुम्ही "जाऊ दे गं आजी" म्हणाल आणि मी जाऊ देईन. म्हणून लिहिते आहे.

तुम्ही सुट्टीत येऊन ती डबी बसवलीत तेव्हा गावात केवढं कौतुक झालं होतं. साबणाच्या वडीएवढा संगणक आणि त्यातून टाकीखालच्या चार व्हॉल्वना गेलेल्या वायरी. खालची आळी, आपली मधली आळी, नाक्याची वस्ती आणि वरचा पाडा, या चारही वस्त्यांचं पाणी आता हाताने चाक फिरवून सोडायचं नाही, डबी आपणहून सोडेल. कोणाला कधी आणि किती वेळ, हे एका सेटिंगच्या फाइलीत लिहिलेलं असतं, एवढं तुम्ही मला शिकवून गेलात. सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या त्या फाइलीत चारही वस्त्यांना सारखा वेळ होता. मला ते फार आवडलं होतं.

पण टाकी आणि वरचा पाडा जवळजवळ एकाच उंचीवर, आणि मधे ओहोळाची खळगी. तिकडची पाइप आधी खळगीत भरते, मग चढते, मग कुठे नळाला पाणी येतं. सारखा वेळ दिला की खालच्या आळीत पिंपं ओसंडतात आणि पाड्यावरचा नळ नुसता फुसफुसतो. तुम्ही परत गेलात आणि यावरून ग्रामसभेत वाद झाला. मी उभी राहून सांगितलं की सगळ्यांना सारखा वेळ हाच न्याय, नाहीतर उद्या जो तो आपलं कारण घेऊन येईल. पाड्यावरची एक बाई मला वर्षानुवर्षं करवंदं आणून देते, पावसाच्या तोंडाशी शेवळांची रानभाजी आणते, ती निवडायची कशी तेही तिनेच मला दाखवलं. ती मागे जमिनीवर बसली होती. बसूनच म्हणाली, "बाय, तुमचं घड्याळ बरोबर हाय. पन त्यानं आमचा हंडा भरत नाय."

सभा हसली. मीही हसले, पण मला लागलं होतं. ठराव तिच्या बाजूने झाला. वरच्या पाड्याला पाणी आधी, आणि वेळ दुप्पट.

फाइलीत बदल करायचं काम वॉलमनकडे गेलं. पूर्वी तोच व्हॉल्वची चाकं फिरवायचा. धाकट्याने त्याला फोनवरून ती फाइल उघडायला शिकवलं होतं. तुम्हाला तो आठवत असेलच, बोलायला लागला की चहा गार होईपर्यंत थांबत नाही. "चार वस्त्यांचं पानी माझ्या खिशात हाय," असं तो नाक्यावर सांगत फिरायचा. त्याने त्या फाइलीची पार गोधडी करून टाकली. मधेमधे मराठीत शेरे. पाड्याच्या ओळीवर लिहिलेलं, पाइप भरायलाच निम्मा टाइम जातो. खालच्या आळीत कोणाचं दहावं असलं की तिथे वाढीव पाणी आणि पुढे शेरा, नंतर काढायचं. नाक्यावरची गाळेवाली मंडळी दुपारी पाणी मागतात म्हणून त्यांचा वेळ उचलून दुपारी टाकलेला. कुठे आकडे एका रेषेत नाहीत, कुठे दोन ओळी रिकाम्या. मी महिन्यातून एकदा लॅपटॉपवर ती बघायची आणि भाजीच्या दुकानात विस्कटलेली टोपली बघून माझा हात जसा शिवशिवतो, तसा शिवशिवायचा. पण मी हात लावला नाही. ते काम त्याचं होतं.

माझं काम वेगळं होतं. नवीन आवृत्ती आली की लॅपटॉपवरून डबीत शिरायचं, तुम्ही लिहून दिलेल्या आज्ञा द्यायच्या, आणि पडद्यावर इंग्रजीत काही विचारलं तर वाचून उत्तर द्यायचं. गावात इंग्रजी वाचणारी मीच सापडले म्हणून ते माझ्याकडे, आणि त्याचा मला थोडा ताठाही होता.

आता आमच्या ऑफिसची एक सवय सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ही सबब नाही. माझी सगळी नोकरी रेकॉर्ड विभागात गेली. नियमांच्या जाड फायली असत. वरच्या ऑफिसकडून दुरुस्त पानं छापून आली की जुनं पान काढून फाडायचं आणि त्या जागी नवं लावायचं. जुन्या पानावर कोणी पेन्सिलीने काही लिहिलेलं असलं तरी ते बघायचं नाही. पेन्सिलीने लिहिणाऱ्याची चूक, असं आम्ही म्हणायचो. मी ते काम इतकं चोख केलं की निवृत्त होताना साहेबांनी भाषणात त्याचाच उल्लेख केला.

वैशाखात करवंदवालीच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा म्हसा गावाजवळचा, जिथे बैलांची मोठी जत्रा भरते, घरची शेती आणि गोठा, स्वतः मुरबाडला कारखान्यात कायम. पाड्यावर इतकं भरलं घर सहसा मिळत नाही, म्हणून तिचा जीव वरखाली होत होता. ती आमंत्रण द्यायला आली तेव्हा ओट्यावरच बसली, चहा घेतला नाही. म्हणाली, त्यांची माणसं फार नीटनेटकी आहेत, माझ्या मांडवात काही कमी दिसलं तर पोरीला जन्मभर ऐकवतील. मी म्हटलं, कमी काय पडायचंय. सिद्धगडाकडचे तिचे भाऊ तांदूळ देणार होते, भांडी महिला मंडळाची होती. ती म्हणाली, "तांदळाचं नाय गो बाय. पान्याचं."

मांडवाचं पाणी ही आपल्याकडची जुनी रीत. ज्या घरी मांडव त्या वस्तीला हळदीपासून वऱ्हाड निघेपर्यंत पाणी जास्त, आणि बाकीच्यांनी बिनबोभाट आपलं कमी करून घ्यायचं. नळ नव्हते तेव्हा चारही वस्त्यांतल्या बायका एकेक हंडा मांडवात नेऊन ओतत. तुमच्या आईच्या लग्नात पाड्यावरच्या बायका उन्हाच्या उतरून आल्या होत्या. मी तिला म्हटलं, आता तर डबी आहे, काळजी कसली. वॉलमनने खरोखरच फाइलीत तशी ओळ घातली आणि मला फोन करून वाचून दाखवली: वर मांडव हाय, लग्न होईपर्यंत पानी जादा, बाकी सगळ्यांचं कमी. मी त्याला शाबासकी दिली.

हळदीच्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि लॅपटॉप उघडला. नवीन आवृत्ती आल्याची सूचना बरेच दिवस दिसत होती. महिन्याचं काम महिन्यात संपवायचं, एवढंच डोक्यात. आज्ञा दिल्या, पडद्यावर ओळी धावल्या आणि थांबल्या. प्रश्न आला होता. ही सेटिंगची फाइल इथे कोणीतरी बदललेली आहे, आणि नव्या आवृत्तीबरोबर आमची नवी फाइल आली आहे. आमची बसवायची, की तुमची आहे तीच ठेवायची, की आधी दोन्हींतला फरक बघायचा?

फरक बघायला मी विसरले नाही. तेच तर सांगायचं आहे. मी फरक बघितला. वजा चिन्ह लावलेल्या ओळी आपल्या, म्हणजे जाणाऱ्या. अधिक चिन्हाच्या ओळी येणाऱ्या. वजाच्या ओळींत वॉलमनची गोधडी होती, पाड्याचा दुप्पट वेळ होता आणि मांडवाच्या पाण्याची ती ओळ होती. अधिकच्या ओळींत चार वस्त्या, एकाखाली एक, सारखे आकडे. छापून आलेल्या पानासारख्या.

मी मांडवाची ओळ वाचली. मनात आलं, ती जाईल. मग मनात आलं, उद्या लग्नघरचं पाणी तो हाताने सोडेलच, एवढ्या मोठ्या कामाला काय तो डबीवर विसंबून राहणार आहे. त्याला फोन करून विचारावं असंही आलं. पण पाड्यावर ढोल वाजत होते, तो तिथेच असणार, त्याला काय ऐकू येणार. आणि मी नवी फाइल घ्यायचं बटण दाबलं. त्या प्रश्नाखाली लिहिलेलं होतं की काहीच न निवडता नुसतं एंटर दाबलंत तर तुमची फाइल आहे तशी राहील. म्हणजे काहीही न करणाऱ्या माणसाच्या हातून ती वाचली असती.

सकाळी आपल्या आळीत पाणी आलं ते लवकर आणि धो धो. शेजारची माझी जाऊ कुंपणावरून म्हणाली, "काय हो, आज धरणाचा दरवाजा आपल्याच दारात उघडलाय का?" मी हसले. तिने अंगण धुतलं. मी गोधड्या काढल्या. पाणी जास्त आलं की माणूस विचार करत नाही, भांडी शोधतो. हे पाणी कुणाच्या वाटचं असेल, हा विचार माझ्या मनात आलाच नाही असं मी आधीच्या कागदावर लिहिलं होतं. तो कागद टाकून दिला. विचार आला होता. दुसरी गोधडी पिळताना आला, आणि मी तिसरी भिजवली.

दुपारी रिक्षाने वर गेले. चांगलं लुगडं, आहेराची पिशवी. मांडवाच्या बाहेर निळी पिंपं रांगेत उभी होती, आणि त्यांत वाकून बघणाऱ्या बायकांचे आवाज आतून घुमून येत होते. नळाशी कोणी नव्हतं. खळगीतल्या झऱ्याकडून बायका डोक्यावर हंडे घेऊन चढत होत्या, लग्नासाठी नेसलेल्या साड्यांचे काठ ओले. हळद लागलेल्या नवरीला उंबरा ओलांडता येत नाही, म्हणून ती दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

तेवढ्यात वऱ्हाडाचा टेम्पो आला. पहिल्यांदा पाय धुवायला पाणी, मग प्यायला, ही इथली रीत. करवंदवालीने परात पुढे केली. तांब्यात होतं ते पाणी तिने पायांवर जपून जपून ओतलं, एकाला पुरलं, दुसऱ्याला बोटं भिजण्यापुरतं. नवऱ्या मुलाची आत्या धुळीच्या पायांनी तशीच उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही. आपल्या माणसांकडे बघत सहज म्हणाली, "आमच्याकडं जत्रंत इकायला आनलेल्या बैलाला पन आधी पानी दावतात."

टेम्पोतली काही माणसं हसली. करवंदवाली परात हातात धरून म्हणत राहिली, येतंय पाणी, आत्ता येतंय.

वॉलमन पंपघराकडून पळत आला. सगळे त्याच्यावर तुटून पडले. तो सांगत होता की फाइलीत टाकलं होतं, दोनदा बघितलं होतं, पण टाकी खालीच रिती झाली आहे, ती भरेपर्यंत चाक फिरवूनही वर पाणी चढणार नाही. कोणीतरी म्हणालं, काल हळदीत किती घेतलीस ते आधी सांग. तो आधी हसला, त्याला वाटलं चेष्टा आहे. मग त्याला कळलं की नाही. गर्दीत त्याला मी दिसले.

"आजी, तुमी सांगा यांना. मी वाचून दाखवलं व्हतं ना तुमाला?"

मी म्हणाले, "घरी जाऊन बघते."

हे खरं होतं, आणि पळ काढणंही होतं. "हो, त्याने टाकलं होतं, मी काढलं" एवढं वाक्य तिथे म्हटलं असतं तर आत्याने ते ऐकलं असतं, आणि तो विषय माझ्या नावावर झाला असता. मी रिक्षेत बसले.

घरी लॅपटॉपवर शोधलं. जुनी फाइल पुसली गेली नव्हती. त्या सॉफ्टवेअरने ती शेजारीच, नावापुढे 'ओल्ड' जोडून ठेवली होती. आमच्या ऑफिसपेक्षा शहाणं म्हणायचं, फाडत नाही. तुमच्या सूचना वाचून मी ती परत तिच्या जागी ठेवली आणि डबी पुन्हा सुरू केली. उन्हं कलताना पाड्यावर पाणी पोचलं असं नंतर कळलं. तोवर नाक्यावरून पाण्याचे जार मागवून जेवणं उरकली होती आणि वऱ्हाड निघायच्या तयारीत होतं.

मी लगेच कोणाला सांगितलं नाही. वॉलमनला पंचायतीने कामावरून थांबवलं, तेव्हाही सांगितलं नाही. पुढच्या बैठकीत त्याच्या जागी दुसरा माणूस नेमायचा विषय निघाला, तेव्हा मी उभी राहिले आणि काय झालं ते सगळं सांगितलं. फरक बघितला होता, हेही सांगितलं.

मला वाटलं होतं लोक बोलतील. ते बोलले नाहीत. सरपंचबाई म्हणाल्या, "आजी, तुमी व्हय? मंग असू द्या. व्हतं असं." आणि पुढचा विषय घेतला. ज्यासाठी त्याला दारू पिणारा, कामचुकार ठरवून घरी बसवलं, तेच माझ्या बाबतीत "व्हतं असं" झालं. मी म्हटलं, बाई, असं कसं, मलाही काही बोला. त्या म्हणाल्या, तुमचं वय झालंय, तुम्ही बसा. वॉलमन कोपऱ्यातून म्हणाला, "म्हंजे मी पेलो नव्हतो, हे आता कुनीतरी माझ्या बायकोला जाऊन सांगा." सगळे हसले आणि त्याला काम परत मिळालं. त्याने माझ्याकडे मात्र बघितलं नाही. आजही पाण्याच्या कामाचं बोलतो, बाकीचं बोलत नाही.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी वर गेले. करवंदवाली अंगणात मांडवाचे अजून राहिलेले बांबू सोडत होती. मी तिला सांगितलं. ती दोर सोडवत राहिली. मग म्हणाली, "मला सांगून काय व्हनार? मला काय ते बैलाचं बोलले? तिला बोलतात. तिकडं सांगा."

म्हणून तिकडे गेले. शहापूरहून मुरबाडची एसटी, पुढे टमटम. चांगलं सारवलेलं घर, गोठ्यात बैलांच्या गळ्यात नवे गोंडे. आत्या तिथेच राहते. मी संगणक, नवी आवृत्ती, पाण्याची ओळ, सगळं सोपं करून सांगितलं. दोष माझा, त्या माउलीचा नाही, असं हात जोडून सांगितलं. आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी एवढ्या शिकलेल्या. तुमी कशाला असं कराल? इहिनीनं पाठवलंय तुमाला, झाकायला."

मी नाही म्हणत राहिले. जितकं म्हणत गेले तितकं ते तिला खरं वाटेनासं झालं. मांडवात एका वाक्याचं काम होतं, तिथे आता माझी सगळी अक्कल पुरत नव्हती.

मुलीने मला चहा दिला. निघताना फाटकापर्यंत पोचवायला आली. चेहऱ्यावर राग नव्हता. म्हणाली, "आजी, यासाठी आता परत नका येऊ. ते इसरत आलं की कुनीतरी येतं आन् परत निघतं." मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने ठेवू दिला.

आता तुमच्या कामाचं. तुम्ही तिकडून नवं काही बसवाल तेव्हा तोच प्रश्न येईल. आपली फाइल ठेवा. नव्या फाइलीत काही खरोखर गरजेचं असेल तर तेवढंच वाचून आपल्यात घाला, आणि घालण्याआधी वॉलमनला फोन करा. तो उचलत नसेल तर थांबा, उचलेपर्यंत. आपली फाइल ओबडधोबड दिसेल. ती नीट लावायला जाऊ नका. मी तिच्यातली एक रिकामी ओळसुद्धा हलवलेली नाही.

वरच्या पाड्याला पाणी पहिलं जातं आणि दुप्पट वेळ जातं. वॉलमन कामावर आहे. करवंदवालीने या वर्षी करवंदं आणली, ओट्यावर ठेवली आणि बसली नाही. तिची मुलगी तिकडे बरी आहे असं सगळे सांगतात. त्या घरी कोणी पाहुणा आला आणि पाण्याचा तांब्या बाहेर यायला जरा वेळ लागला, की तिच्या माहेरच्या मांडवाचं नाव अजून निघतं.